जुन्या फरशीवर टाइल की व्हिनाइल?

राहत्या घरात जुन्या फरशीवर नवी टाइल चिकटवायची, तर ॲढेसिव्ह वाळेपर्यंत साधारण 24 तास त्या खोलीत पाऊल टाकता येत नाही. शिवाय जमीन 12 ते 15 मिलिमीटरने उचलली जाते आणि दारे खालून तासावी लागतात. क्लिक-लॉक व्हिनाइलच्या, म्हणजे कडांना खाचा असलेल्या प्लास्टिकच्या, 4 ते 6 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या मात्र एकमेकींत अडकवून बसवतात, त्यामुळे सामान अर्ध्या खोलीत सरकवूनही काम चालते आणि लगेच वावरता येते. माझा कल तिकडेच आहे. फक्त जुन्या फरशीचे खोल सांधे आधी भरून घ्यावेत, नाहीतर त्यांच्या रेषा कालांतराने वर उमटतात. न्हाणीघरात टाइलच बरी. काहीही निवडले तरी जुनी फरशी ठोकून पाहावी आणि पोकळ वाजणारी, कारागीर काहीही म्हणो, आधी काढून टाकावी.