बेळगावच्या टिळकवाडीतल्या छोट्या स्टुडिओत गिटार-बेसचं मिक्सिंग, कसं वाटलं
दुसऱ्या रेल्वे गेटजवळ गल्लीत आहे, बोर्ड पटकन दिसत नाही. आमच्या बँडची गाणी घरीच रेकॉर्ड केलेली, फक्त मिक्सला, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून एक करायला दिली. प्रॉब्लेम नेहमीचाच, बेस गिटार वाढवला की सगळं घुमतंय आणि कमी केला की गिटार पोकळ वाटतीय. तिथल्या दादांनी आधी गिटार एकट्याने ऐकायचंच बंद केलं, म्हणाले एकटं भारी वाटणारं गिटार मिक्समध्ये बेसच्या जागेवर बसतंय की ओ. गिटारची खालची ई तार साधारण ८२ हर्ट्झ, बेसची ४१, पण बेसचे वरचे सूर गिटारमध्येच येतात ना, म्हणून भांडण. मग गिटारला १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर), २००-३०० मधला चिखल, म्हणजे गढूळ आवाज थोडा काढला, आणि बेसला ८०० जवळ जरा उचललं, तेव्हा कुठं मोबाईलच्या स्पीकरवर पण बेस कळायला लागला! दोन वेगवेगळे वाजवलेले गिटार टेक (रेकॉर्डिंग) डावी-उजवीकडे, बेस किक ड्रमसोबत मधे. डिस्टॉर्शन (गिटारचा खरखरीत फाटका आवाज) मात्र पुढच्या वेळी कमी ठेवूनच रेकॉर्ड करून आणा म्हणाले, आमच्या गिटारवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं.
बेसची डीआय (थेट वायरने घेतलेलं रेकॉर्डिंग) आणि अ‍ॅम्पच्या माईकची फेज, म्हणजे दोन्हीच्या आवाजाच्या लाटा पण न सांगता जुळवून दिली, हे खरं काम.
तक्रार एकच, वेळ पाळत नाहीत, सातला बोलावलं की आठ धरूनच जावा. एसी पण नाही. पैसे वाजवी आहेत, पण दुरुस्त्या किती वेळा करून देणार ते आधी ठरवून घ्या.