आवर्तसारणीचा वॉल चार्ट: छपाई झकास, माल जुना (३ स्टार)
लेकीची दहावी म्हणून हा लॅमिनेटेड चार्ट ऑनलाइन मागवला. साईझ चांगली मोठी आहे, पलंगावर बसूनही आकडे वाचता येतात. ब्रँडचं नाव देत नाहीये, हाच चार्ट वेगवेगळ्या नावांनी विकायला असतो.

आधी चांगलं सांगते. प्रत्येक चौकटीत खाली इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे आतून बाहेर कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन, ते छापलंय, आणि माझ्या मते पैसे तिथेच वसूल होतात. पहिला गण वरून खाली वाचत या, लिथिअम २,१, सोडिअम २,८,१, पोटॅशिअम २,८,८,१, म्हणजे शेवटी सगळीकडे १च, म्हणून तर तिघंही पाण्यात पडले की हायड्रोजन सोडतात. आता आडवं जा, सोडिअमपासून अरगॉनपर्यंत कवचं तीनच राहतात आणि शेवटचा आकडा १ वरून ८ वर चढत जातो. झालं, गण काय नि आवर्त काय, घोकायला लागतच नाही. फक्त हेलिअमकडे दोनच असून तो निऑनच्या डोक्यावर कसा, असं पोरीने विचारलंच. पहिल्या कवचात मावतातच दोन, ते भरलं म्हणून तो राजवायूंमध्ये, एवढी टीप छापली असती तर काय बिघडलं असतं.

अणुवस्तुमान दशांशात दिलंय हेही आवडलं. टेल्युरिअम १२७.६ आणि त्याच्या पुढचं आयोडीन १२६.९, म्हणजे क्रम चक्क उलटा! मेंडेलीव्हने १८६९ मध्ये वस्तुमानानेच मांडणी केली, पण आयोडीनचे गुण क्लोरीन-ब्रोमीनसारखे म्हणून ते त्यांच्याच खाली बसवलं आणि वर टेल्युरिअमचं वस्तुमानच चुकीचं मोजलंय म्हणाला. वस्तुमान बरोबरच होतं, जागाही बरोबर होती. १९१३ ला हेन्री मोझ्ली या शास्त्रज्ञाने वस्तुमानाऐवजी अणुअंक (अणूतल्या प्रोटॉनची संख्या) धरला तेव्हा कोडं सुटलं.

आता तक्रार. लिस्टिंगवर ‘लेटेस्ट’ लिहिलंय आणि ११३, ११५, ११७, ११८ ला अजून उनउनट्रिअम वगैरे तात्पुरती नावं! अहो, निहोनिअम, मॉस्कोव्हिअम, टेनेसाईन, ओगानेसॉन ही नावं २०१६ लाच पक्की झालीत. गणांना रोमन आकडे आणि ए-बी आहेत, पुस्तकात सरळ १ ते १८, त्यामुळे मुलं गोंधळतात. खालच्या दोन ओळी तर नुसत्याच लटकवल्यात, ५७ ते ७१ सहाव्या आवर्तातले आणि ८९ ते १०३ सातव्यातले, हे दाखवायला साधा बाणसुद्धा नाही. आत बसवल्या तर चार्ट ३२ रकाने रुंद होईल म्हणून खाली काढतात, ते ठीक, पण मग सांगा तरी.

रिटर्न मागितलं तर ‘डॅमेज नाही, रिटर्न नाही’. घ्यायचाच असेल तर विक्रेत्याकडून आधी ११३ नंबरच्या चौकटीचा फोटो मागवा, लिस्टिंगमधला नको, हातातल्या मालाचा.