थांबणारा टीव्ही की ऐकणारा टीव्ही?

मुलांकडून उत्तरं काढून घेणारे शैक्षणिक टीव्ही कार्यक्रम दोन प्रकारचे. पहिला, थांबणारा, प्रकार जुना. निवेदक प्रश्न विचारून क्षणभर गप्प राहतो, पोरं पडद्याकडे बघून उत्तर ओरडतात. १९९६ साली सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या अमेरिकी बालकार्यक्रमानं हेच केलं, वर सोमवार ते शुक्रवार एकच भाग दाखवला. शुक्रवारपर्यंत लाजरं मूलही उत्तर ठोकून देतं! फक्त उत्तर चुकलं तरी निवेदक ‘शाब्बास’च म्हणणार.

दुसऱ्या, ऐकणाऱ्या प्रकारात रिमोट मुलाच्या हाती; उत्तर बटण दाबून द्यायचं. दोन-तृतीयांश मोठे की तीन-चतुर्थांश? चुकलं की सोपं उदाहरण येतं, जमलं की अवघड. मात्र उत्तरागणिक फुटणाऱ्या प्रत्येक फाट्याचं चित्रण वेगळं, म्हणजे खर्च आलाच. काही पोरं गंमत म्हणून मुद्दाम चुकीचं बटण दाबतात (तेही शिकणंच म्हणा).

चार वर्षांच्या मुलासाठी मी पहिला निवडेन, अपूर्णांकांसाठी दुसराच.