नैनीताल की कोडाईकनाल? तळं बघून ठरवा

उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्ही गावं समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार मीटरवर, दोन्ही एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी वसवलेली, दोन्हीकडे मधोमध तळं आणि तळ्यात नावा. फोटो बघून तर दोन्ही सारखीच वाटतात. पण नैनीतालचं तळं निसर्गाने दिलेलं आहे आणि कोडाईचं माणसाने बांधलेलं. तिथले तुमचे चार दिवस कसे जाणार, हे बरंचसं यावरच ठरतं.

नैनीतालमध्ये आधी तळं होतं, गाव नंतर आलं. सतीचा डोळा जिथे पडला ते हे ठिकाण, म्हणून नैनादेवी. अत्री, पुलस्त्य आणि पुलह या तीन ऋषींनी हे सरोवर निर्माण केलं अशीही कथा आहे. १८४१ साली शहाजहांपूरचा साखरेचा व्यापारी पी. बॅरन इथे पोहोचला आणि मग बंगले उभे राहू लागले. जमीन सोडायला तयार नसलेल्या स्थानिक मालकाला त्याने नावेत बसवून तळ्याच्या मध्यावर नेलं आणि सही कर, नाहीतर पाण्यात टाकतो असं धमकावलं, ही गोष्ट तिथे आजही सांगतात.

हे तळं सुमारे दीड किलोमीटर लांब आणि जागोजागी वीस मीटरहून जास्त खोल आहे. चहूबाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरतात. सपाट जागा जवळजवळ नाहीच, जी आहे तिच्यातली बरीचशी एका दुःखद घटनेतून आली. १८ सप्टेंबर १८८० रोजी संततधार पावसात मल्लीतालच्या, म्हणजे तळ्याच्या वरच्या टोकाच्या, बाजूचा डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. व्हिक्टोरिया हॉटेल आणि नैनादेवीचं जुनं देऊळ गाडलं गेलं. खाली आलेल्या मातीने फ्लॅट्सचं मैदान रुंदावलं, जिथे आज मुलं खेळतात. त्यानंतर पाणी डोंगरात मुरू नये, तळ्यात जावं म्हणून उतारांवर दगडी नाले बांधले. तळ्याकाठच्या मॉल रोडवरून फिरताना हे नाले नजरेआड होतात, पण मुद्दाम थांबून बघा. गाव अजून त्यांच्याच भरवशावर उभं आहे.

मॉल रोडपेक्षा मला समोरच्या काठावरची ठंडी सडक जास्त आवडते. तिथे वाहनांना बंदी आहे. सकाळी ऊन पलीकडच्या डोंगरावर आलेलं असतं आणि या बाजूला अजून सावली. पाणी काठाशी गर्द हिरवं, आत गेलं की काळपट. पायाखाली ओली पानं आणि वल्ह्यांचा आवाज. नैनीतालसाठी हा एवढा एक तास राखून ठेवाच.

मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. नैनीताल हिमालयात आहे, पण तळ्याच्या काठावरून हिमशिखरं दिसत नाहीत, कारण गाव वाडग्याच्या तळाशी आहे. नंदादेवी आणि त्रिशूळ बघायचे तर रोपवेने स्नो व्ह्यूला जावं लागतं किंवा २,६१५ मीटर उंचीच्या नैना पीकपर्यंत चढावं लागतं. तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या स्वच्छ हवेत. मे-जूनमध्ये क्षितिजावर धुरकट पडदा असतो, तळ्याची पातळी उतरून काठचा गाळ उघडा पडतो आणि गर्दीमुळे गाड्या गावाबाहेरच अडवतात. लहान मुलं घेऊन त्या दिवसांत जाऊ नका. जायचंच असेल तर मुक्काम भीमताल किंवा सातताल भागात करा. तिथे झाडी दाट आहे, पक्षी भरपूर आहेत आणि नैनीताल एका दिवसात बघून परतता येतं.

कोडाईला आधी आले ते मदुराईचे अमेरिकन मिशनरी, १८४५ मध्ये, सपाटीवरच्या उष्म्याला आणि आजारांना कंटाळून. तळं आलं १८६३ साली. मदुराईचे कलेक्टर व्हेर लेव्हिंज यांनी ओढ्यावर बांध घातला, पाणी दलदलीच्या फाट्याफाट्यांत पसरलं आणि चांदणीसारखा आकार तयार झाला. क्षेत्रफळ नैनीतालच्या निम्म्याच्या आसपास, साधारण २४ हेक्टर. महाबळेश्वरचं वेण्णा तळं १८४२ चं, तेही बांधलेलंच, त्यामुळे आपल्याला कोडाईचं तळं परकं वाटत नाही. भोवतीचा पाच किलोमीटरचा रस्ता जवळजवळ सपाट आहे. भाड्याची सायकल घ्या किंवा रमतगमत चाला. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांनाही जमेल. नैनीतालचे चढ त्यांना नकोसे होतील.

पण केवळ तळ्यासाठी कोडाईला जाऊ नये. तिथलं खरं वैभव आहे शोला. डोंगराच्या घळींमध्ये बुटकी, शेवाळलेली, एकमेकांत गुंतलेली झाडं आणि मोकळ्या उतारांवर गवत. हे गवत आणि रान मिळून पाणी धरून ठेवतात आणि वर्षभर थोडंथोडं सोडतात. नंतर लावलेल्या पाइन, निलगिरी आणि वॅटल या झाडांनी गवताळ पट्टे गिळले. पर्यटक पाइनच्या रांगांत फोटो काढतात. मला ती रांग बघून वाईट वाटतं, कारण तिच्याखाली काहीच उगवलेलं नसतं. जुनं रान बघायचं तर वनखात्याची परवानगी काढून बेरीजम तळ्याच्या जंगलात जा.

कोडाईतही माणसाच्या चुकीची खूण आहेच. तिथला पाऱ्याचे थर्मामीटर बनवणारा कारखाना २००१ मध्ये बंद झाला, पण पारा मातीत उतरला तो उतरलाच. त्याच गावातल्या वेधशाळेत १९०९ साली जॉन एव्हरशेड यांनी सौरडागांतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे शोधलं. मुलं थोडी मोठी असतील तर वेधशाळा चुकवू नका.

प्रवासाचं थोडक्यात: नैनीतालला दिल्लीहून रात्रीच्या गाडीने काठगोदाम, पुढे ३५ किलोमीटर घाट. कोडाईला मदुराईहून सुमारे १२० किलोमीटर. बाहेरच्या गाड्यांना २०२४ पासून ई-पास लागतो, तो आधीच काढा. पावसाळ्यात नैनीतालचे घाट नकोत, दरडींचा भरवसा नाही. कोडाईला ऑक्टोबर ते डिसेंबर दुसरा पाऊस असतो, म्हणून जानेवारी ते मार्च बरा.

यंदा दिवाळीनंतर सुट्टी असेल आणि हिमशिखरं अजून पाहिली नसतील, तर नैनीतालच. बरोबर वयस्क माणसं असतील किंवा सुट्टी जानेवारीत असेल, तर कोडाई. दोन्ही शक्य असेल तर मी नैनीताल आधी करेन आणि कोडाई राखून ठेवेन. तिथली नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते, आपल्या सह्याद्रीतल्या कारवीचीच ती बहीण. गेला बहर २०१८ चा होता, पुढचा २०३० चा.