सिरियल नंबर खरा, बेस खोटा

वापरलेली बेस गिटार घेताना स्वस्ताला भुलू नका, असं सगळेच सांगतात. माझ्या बाबतीत स्वस्ताचा प्रश्नच नव्हता. मेक्सिकोत बनलेला फेंडर कंपनीचा प्लेअर जॅझ बेस, नव्याच्या साधारण दोन तृतीयांश किमतीला. बाजारात वापरलेल्याचा भाव तोच चालतो. घासाघीस झाली तीही बेताची. विकणारा स्वतः बेस वाजवणारा, हात तयार असलेला माणूस. त्याने पडेल किंमत सांगितली असती तर मी जागा झालो असतो, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या संगीतात, गणपती-नवरात्राच्या कार्यक्रमांत वाजवून चार पैसे कमावणारी बरीच मंडळी आहेत. त्यांच्यापैकी कुणाला तरी हा गाठणार, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

जाहिरात ऑनलाइन होती. फोटो स्वच्छ. हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या खुंट्या असलेल्या टोकाच्या, मागचा सिरियल नंबर नीट वाचता येईल असा, सोबत दुकानाच्या बिलाचा फोटो, आणि दोन्हींवरचा नंबर एकच. नंबराची सुरुवात एमएक्सने, पुढचे दोन आकडे वर्षाचे. प्लेअर मालिका २०१८ साली आली, तेही जुळत होतं. ‘सगळे पार्ट ओरिजिनल आहेत, काहीच बदललेलं नाही’ असा त्याचा मेसेज आजही माझ्याकडे आहे, आणि पुढे तोच काय तो कामाला आला.

तो म्हणाला, ‘मीच कोल्हापूरला येतोय, अंबाबाईचं दर्शनही होईल.’ सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बस स्थानकाजवळच्या) एका लॉजवर खोली घेतली होती. मी गेलो तर बेस पलंगावर, शेजारी आवाजावर हवे ते परिणाम चढवणारा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर आणि हेडफोन. मी म्हटलं, राजारामपुरीत आमची प्रॅक्टिसची खोली आहे, तिथं अ‍ॅम्पवर लावून बघू. त्यावर तो हसून म्हणाला, ‘दादा, रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायचीय. आणि इथं अ‍ॅम्प लावला तर शेजारच्या खोलीतले उठून येतील.’ दोन्ही कारणं पटण्यासारखीच होती.

जे बघायचं ते मी बघितलं. पहिला फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) आणि मान जिथं बॉडीला मिळते तिथला फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतली फट पाहिली. ती साधारण पाव-एक मिलिमीटरची, म्हणजे मानेला हवा तेवढाच बाक. ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई, फिरत होता. प्रत्येक फ्रेट वाजवला, कुठं खडखड नाही. खुंट्या घट्ट. मान हातात घेतल्यावर कळतंच, ती खरी फेंडरची होती. मागच्या पिकअपवर (तारांची थरथर विजेत बदलणारा भाग) आणि ब्रिजवर (बॉडीवर तारा अडकवलेल्या असतात तो भाग) मात्र क्रोमचं मोठं झाकण होतं. पूर्वीच्या जॅझ बेसवर असं झाकण यायचं, प्लेअरवर येत नाही. विचारलं तर म्हणाला, जुना लूक आवडतो म्हणून बसवलं, काढलं तर स्क्रूची भोकं दिसतील, तुम्हीच बघा. भोकं पाडून घ्यायची हौस कुणाला असते? झाकण राहिलं.

मग हेडफोन लावले. काय टोन होता! खालचा ई असा भरून येत होता की विचारू नका. वाजवणं थांबवलं की एकदम शांत. प्रोसेसरची बटणं सगळा वेळ त्याच्याच हाताखाली होती. थोडे पैसे यूपीआयने, उरलेले त्याच्या आग्रहाने रोख. मूळ बिल घरी राहिलंय, कुरिअर करतो म्हणाला. बिल आलं नाही, हे सांगायला नकोच.

पहिला कार्यक्रम पेठेतल्या एका तरुण मंडळाचा. मांडव, जनरेटर, मागे एलईडीची भिंत, वर डिमरवरचे दिवे. बेस लावला आणि साउंडवाल्याने मान वर केली. स्पीकरमधून घुंऽऽ. हात तारांवर ठेवला की जरा कमी, उचलला की पुन्हा जोरात. तो म्हणाला, ‘अर्थिंगचा घोळ हाय भावा.’ बेस मिक्सरला जोडणाऱ्या डीआय बॉक्सचा ग्राउंड तोडून बघितला, केबल बदलली, प्लगची जागा बदलली. मांडवातलं अर्थिंग म्हणजे देवाच्या भरवशाचं, त्यामुळे त्याचं म्हणणं कुणालाही खरंच वाटलं असतं. गाण्यांच्या मधे व्हॉल्यूम बंद करून मी कार्यक्रम निभावला.

पण एक गाणं पांढरी पाचमध्ये (म्हणजे षड्ज जीवर) होतं, आणि तिथं सगळी पंचाईत झाली. आपल्याकडच्या विजेची कंपनसंख्या ५० हर्ट्झ. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जी वाजतो तो ४९ हर्ट्झचा. दोघांत एका हर्ट्झचा फरक, म्हणजे दर सेकंदाला एक हेलकावा. मी षड्ज धरून ठेवला की आवाज फुगतोय, बसतोय, फुगतोय. गायिका माझ्याकडे वळून बघायला लागली, तिला वाटलं मी सूर सोडलाय. बाकीच्या पट्ट्यांत हमिंग मागे कुठं तरी दबून राहत होतं.

विकणाऱ्याला फोन केला. त्याचं उत्तर तयार होतं: ‘सिंगल कॉइल पिकअप आहेत, थोडं हमिंग असणारच. तुमच्याकडचं अर्थिंग बघा.’ अर्धं खरं बोलणारा माणूस पूर्ण खोटं बोलणाऱ्यापेक्षा पकडायला अवघड. सिंगल कॉइल, म्हणजे तारेचं एकच वेटोळं असलेला पिकअप, हमिंग करते, हे खरंच आहे. पण जॅझ बेसवर अशा दोन कॉइल असतात, प्रत्येकीला स्वतःचा व्हॉल्यूम, आणि आजच्या फेंडरमध्ये दुसरीचं वेटोळं आणि चुंबक दोन्ही पहिलीच्या उलटे असतात. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की तारांचा आवाज एकमेकांत मिळतो आणि विजेचं हमिंग एकमेकांना खोडतं. कुठलाही एक व्हॉल्यूम थोडा खाली केला की हमिंग परत येतं. माझ्याकडच्या बेसवर दोन्ही पूर्ण उघडले की हमिंग उलट वाढत होतं. तिथं अर्थिंगचा विषय संपला.

उद्यमनगरात माझा एक दोस्त लेथवर काम करतो. त्याच्या टेबलावर बेस खोलला. क्रोमचं झाकण काढलं तर मागच्या पिकअपच्या एका बाजूला फट, आणि त्या फटीत काळ्या टेपची पट्टी कापून बसवलेली. जॅझ बेसचा मागचा पिकअप पुढच्यापेक्षा साधारण तीन मिलिमीटरने लांब असतो. दोस्ताने व्हर्नियर लावला, दोन्ही एकाच मापाचे. म्हणजे पुढच्या जागेचेच दोन पिकअप आणून लावले होते. मग कॉइल उलटी कुठून असणार? ते उपसून काढले तर खाली साध्या लोखंडी कांड्या आणि बुडाला चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी. प्लेअरमध्ये अल्निको पाच जातीच्या चुंबकाच्याच कांड्या असतात. पुढे मानेचे चार स्क्रू काढले. मानेच्या बुडाला शिक्का होता, बॉडीच्या खोबणीत काहीच नव्हतं, आणि कडेला रंग उडाला होता तिथं लाकडाचे थर दिसत होते. चक्क प्लायवुड. अख्ख्या वाद्यात फेंडरची म्हणावी अशी वस्तू एकच, ती म्हणजे मान. सिरियल नंबर मानेवरच असतो आणि मान चार स्क्रूंवर बसते, एवढ्यावर त्याचा सगळा धंदा उभा आहे. एका खऱ्या बेसचे त्याने किती तुकडे विकले असतील याचा माझा हिशेब असा: मान एका नकली बॉडीवर, खरी बॉडी एका नकली मानेखाली, आणि खरे पिकअप सुटे.

राहिला लॉजवरच्या शांततेचा प्रश्न. प्रोसेसरमध्ये नॉइज गेट नावाची सोय असते. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की गेट तो बंदच करून टाकतं. वाजवताना हमिंग तारांच्या आवाजात बुडतं, थांबलं की गेट मिटतं. वर काँप्रेसर (लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणणारा) आणि अ‍ॅम्पची नक्कल चढवली की त्याखाली कुठला पिकअप आहे हे भल्याभल्यांना सांगता येणार नाही. अ‍ॅम्प नसलेली खोली, घाईची गाडी, काढायला नको वाटेल असं झाकण: यातलं काहीही योगायोगाने तिथं आलेलं नव्हतं.

एक गोष्ट मला अजून डाचते. मांडवातल्या एकाही माणसाला बेसच्या टोनमध्ये काही कमी वाटलं नाही. बेस बंद पडला तरच लोकांना कळतं की तो होता. त्यात खालचा मोकळा ई ४१ हर्ट्झचा, मांडवातल्या बऱ्याच स्पीकरांना तो पेलतच नाही, साउंडवाला तसाही खालचा भाग कापतो. मग खरा फेंडर कशाला, असं घरात मला विचारलं गेलं. त्याला उत्तर दोन. एक, एलईडी भिंतीशेजारी गप्प राहणारं वाद्य हे आमच्या कामात टोनच्या आधी येतं. आणि दुसरं, उद्या विकायची वेळ आली तर मी कुणाला ‘ओरिजिनल’ म्हणून हे देणार नाही, म्हणजे माझे पैसे बुडालेच.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे. फसवणुकीचं कलम पूर्वी ४२० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३१८ झालं. तिथं पहिला प्रश्न आला तो ‘लेखी काय आहे?’ हाच. समोरच्याचा बचाव सरळ असतो: वाजवून, बघून, पटल्यावर घेतलंय. त्यावर माझ्याकडे तो ‘सगळे पार्ट ओरिजिनल’चा मेसेज, बिलाच्या फोटोची प्रत आणि यूपीआयची नोंद होती. रोख दिलेल्या पैशाला पुरावा नाही, आणि रोखीचा आग्रह कशासाठी होता हेही तिथंच उमगलं. ज्यांनी वस्तू न बघता ऑनलाइन पैसे पाठवले असतील त्यांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, तिथं जेवढा उशीर तेवढे पैसे अडवणं अवघड. सध्या त्याचा जुना नंबर बंद आहे.

आता कुणाचाही वापरलेला बेस बघायला निघालो की पिशवीत माझी केबल आणि बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प असतो. मधे प्रोसेसर नाही, पेडल नाही. टोन पूर्ण उघडा, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण, आणि आधी काहीही न वाजवता ऐकायचं. मग एक व्हॉल्यूम खाली, हमिंग यायला हवं. पुन्हा वर, जायला हवं. मग दुसरा. हात तारांना लावल्यावर हमिंग किंचित कमी होणं ठीक, पण हात लावल्यावर ते वाढलं तर आतली जोडणी चुकलेली आहे. खोलीत फोनचा चार्जर किंवा डिमरवरचा दिवा चालू असेल तर चांगलंच, बेस त्याच्याकडे तोंड करून धरायचा. मग स्क्रू ड्रायव्हर. झाकण, कंट्रोल प्लेट (नॉब बसवलेली पट्टी) आणि जमलं तर मान, त्याच्यासमोर, त्याच्या परवानगीने. खरा विकणारा कुरकुर करेल, तारा सैल करायला लावतो म्हणून वैतागेल, पण खोलू देईल. पैसे देण्याआधी त्याच्याकडून मेसेज घ्यायचा: अमुक सिरियल नंबर, बॉडी, मान, पिकअप, ब्रिज मूळचे, किंमत इतकी. आणि सगळे पैसे खात्यावर.

मी त्या मानेखाली दुसरी बॉडी शोधतोय. तोवर त्याच प्लायवर हमिंग खोडणारे दुसरे पिकअप लावून काम चालू आहे. जुने दोन्ही पिकअप पिशवीत घालून अर्जाच्या प्रतीसोबत ठेवलेत.

परवा एका मित्राने नवी जाहिरात पाठवली. पलंगावरची चादर वेगळी, मजकुराची भाषा तीच, आणि या वेळी विकायला फेंडरचाच दुसरा प्रकार, प्रिसिजन बेस. इथं वरची हमिंगची परीक्षा उपयोगाची नाही. प्रिसिजनचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांचा आहे आणि ते तुकडे हमिंग आपापसात खोडतात, नकलीतसुद्धा. तिथं पिकगार्ड (बॉडीवरची पातळ पट्टी) उचलून आतलं लाकूड आणि पिकअपचं बूड बघायचं, आणि मान काढून खोबणी.