एनव्हीडीए: फुकटचा स्क्रीन रीडर कॉलेजच्या मराठी नोट्सना पुरतो का?

आधी निकाल सांगते, सॉफ्टवेअर पाचपैकी पाच, पण तुमचे सर-मॅडम त्याला काय खायला घालतात त्यावर सगळं आहे.

मी बीए मराठीच्या शेवटच्या वर्षाला, डिचोलीहून म्हापशाला जाते, मला दिसत नाही. कॉलेजचं सगळं वाचन लॅपटॉपवर एनव्हीडीए लावून करते. माहीत नसेल तर, स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने बोलून दाखवणारं हे विंडोजचं सॉफ्टवेअर, 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी सुरू केलं, नंतर जेम्स टेह त्यांना मिळाले, आणि दोघंही अंध. म्हणूनच असेल बहुतेक, की बटणं नेमकी जिथे हवीत तिथे आहेत. पूर्ण फुकट, द्यायचीच असेल तर देणगी द्या. याच कामाची विकत मिळणारी सॉफ्टवेअरं साध्या घरातल्या मुलाच्या आवाक्यात नाहीत.

मराठीचा आवाज ईस्पीक नावाच्या बोलणाऱ्या प्रोग्रॅमचा, तो एनव्हीडीएतच येतो. यांत्रिक आहे हे खरं, पहिल्यांदा ऐकलं की डोकं उठतं, आमची आई तर म्हणाली हे कोण भांडतंय. पण कानाला सवय झाली की स्पीड वाढवत न्यायचा, मग सगळं युनिट झपाझप ऐकून होतं. कविता मात्र यावर ऐकू नका, कवितेला फोनमधला गूगलचा मराठी आवाज बरा.

आता मुख्य दुखणं. नोट्स हल्ली सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात, पण स्क्रीन रीडर फक्त खरा टाईप केलेला मजकूर वाचतो आणि येतं काय तर पुस्तकाच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो, त्याची केलेली पीडीएफ, वर कुणाचा तरी अंगठा. अशी फाईल उघडली की एनव्हीडीए गप्प, कारण त्याच्या दृष्टीने पान कोरं आहे. इंग्रजी असेल तर एनव्हीडीए बटण (सहसा इन्सर्ट) आणि आर दाबून तिथल्या तिथे ओसीआर होतं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर होतो, पण ते विंडोजचं ओसीआर वापरतं आणि त्याला मराठी येत नाही. म्हणून मी फाईल गूगल ड्राईव्हवर चढवते आणि डॉक्समध्ये उघडते, मजकूर बऱ्यापैकी निघतो, जोडाक्षरं आणि अनुस्वार मात्र इकडेतिकडे होतात आणि दोन कॉलमचं पान असेल तर ओळी एकमेकींत शिरतात. परीक्षेच्या आदल्या रात्री हे करायला लागू नये कुणाला.

दुसरा प्रकार तर अजून वाईट, कारण दिसणाऱ्याला तो कळतच नाही. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाईप केलेल्या नोट्स (युनिकोड म्हणजे अक्षरं साठवायची आजची सर्वमान्य पद्धत). स्क्रीनवर छान मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. कृतिदेव या अशाच एका फॉन्टमध्ये 'मराठी' लिहिलं की फाईलमध्ये असतं ई, जे, के, बी, एच, आणि मला तेच ऐकू येतं. पानच्या पान असं. मराठी विभागांमधे वर्षानुवर्षं जपलेल्या चांगल्या चांगल्या नोट्स अशा अडकून पडल्यात याचं मला फार वाईट वाटतं. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर मिळतात, त्यातून एकदा काढून मुद्रितशोधन केलं की ती फाईल कायमची वाचती होते, आणि ती शोधता-कॉपी करता येते त्याचा फायदा सगळ्या वर्गाला.

मी शेवटी आमच्या सरांना सरळ म्हटलं, "सर, पीडीएफ राहू दे, तुम्ही टाईप केलेली वर्डची फाईलच पाठवा ना." सर म्हणाले, "एवढंच? मला वाटलं ब्रेल करून द्यायला लागेल." त्यानंतर त्यांच्या नोट्स युनिकोडमध्ये येतात, आणि मथळा नुसता बोल्ड न करता हेडिंग स्टाईल देतात, त्यामुळे ब्राऊज मोडमध्ये एच दाबत मी थेट हव्या त्या मुद्द्यावर जाते. पीडीएफच हवी तर वर्डमधून सेव्ह ॲज पीडीएफ करावं, प्रिंट टू पीडीएफ केलं की मथळे वगैरे रचना निघून जाते. भाषाविज्ञानाच्या पेपरला तोंडाच्या आतली आकृती होती, एनव्हीडीए नुसतं 'ग्राफिक' म्हणायचं. चित्रावर राईट क्लिक करून ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे चित्राचं वर्णन लिहायच्या जागेत, सरांनी ओठ, दात, दंतमूल, कठोर तालू, मृदू तालू असा बाहेरून आत क्रम लिहिला आणि आकृती मला कळली. एका वाक्याचं काम.

कोणी "कॉपीराईट आहे, सॉफ्ट कॉपी देता येत नाही" म्हणालं तर ऐकून परत येऊ नका. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराईट कायद्यातच अपंग व्यक्तीला अभ्यासासाठी वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून द्यायला मुभा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम असण्याचं वेगळं कलम आहे, 42 वं. पणजीत 2023 च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाल्यापासून गोव्यात या विषयावर बोलणं वाढलंय, रॅम्प लागतायत, चांगलंच आहे, पण रॅम्प चढून वर्गात पोचलेल्या मुलाच्या हातात न वाचता येणारी पीडीएफ पडत असेल तर तो शिकणार काय? तयार पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाईन लायब्ररी आहे, नोंदणी जरूर करा, माझ्या रेफरन्स यादीतली सगळी तिथे सापडत नाहीत, पण जे मिळतं ते नीट वाचता येतं.

अजून एक, एनव्हीडीएची पोर्टेबल कॉपी पेन ड्राईव्हवर करून ठेवा. इन्स्टॉल न करता चालते, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये परवानगीसाठी अर्ज घेऊन फिरायला लागत नाही, लॅबवाल्या दादांना आधी सांगितलं की झालं. हेडफोन आपला न्या.