आषाढात कपडे वाळवायचे कुठं? स्टँड, मनोरा की छताची दांडी

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फुटांवर गेलं, हे सकाळी उठल्या उठल्या विचारायचे दिवस आले की आमच्या घरात त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो: कालचे कपडे वाळले का? पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आमच्या वलणीची धोका पातळी त्याच्या बऱ्याच आधी गाठली जाते. तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, ही दोन नक्षत्रं मिळून महिनाभर उन्हाचं तोंड दिसत नाही. हवाच इतकी ओली की कपड्यातलं पाणी जाणार कुठं? मग खिडकीच्या गजाला, खुर्चीच्या पाठीला, दाराच्या कडीला पिळे लटकतात आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास सुटतो.

गेल्या काही वर्षांत मी तीन प्रकार विकत घेतले. एक चक्क फसला. तुम्ही घ्यायच्या विचारात असाल तर दुकानात जायच्या आधी घरातलं सगळ्यात लांब कापड मोजा. आमच्याकडं ते म्हणजे सासूबाईंचं सुती नऊवारी.

हिशोब सोपा आहे. पाचवारी साडी साधारण १८ फूट लांब असते. सहा फुटी दांडीवर ती तीन पदरी घालता येते. तीच दोन फुटी दांडीवर घालायची तर नऊ घड्या होतात, आणि नऊ घड्यांच्या आतलं कापड आषाढात वाळत नाही, आंबतं. नऊवारी २७ फुटांचं, म्हणजे विचारायलाच नको. खोक्यावर ‘एकूण १५ मीटर जागा’ असं छापलेलं असतं, त्याला भुलू नका. ती सगळ्या दांड्यांच्या लांबीची बेरीज असते. एक दांडी किती लांब आणि दोन दांड्यांत किती अंतर, एवढंच बघा. अंतर चार बोटांपेक्षा कमी असेल तर एकाआड एक दांडी मोकळी सोडावी लागते आणि निम्मा स्टँड वाया जातो.

फसलेला प्रकार म्हणजे चाकांचा उभा मनोरा: तीन-चार मजले, खाली दोन बाय दोन फुटांची जागा. दुकानात तो फार गोंडस दिसतो. घरी आणल्यावर कळलं की वरच्या मजल्याचं पाणी खालच्या कपड्यांवर निथळतं, खालच्या मजल्याला वारा लागत नाही आणि एका बाजूला दोन जीन्स टाकल्या की सगळं कलंडतं. आमच्याचे प्लॅस्टिकचे सांधे दुसऱ्याच पावसाळ्यात तुटले. घरात तान्हं बाळ असेल, दुपटी आणि झबलीच वाळवायची असतील, तर चालेल. मुलगा गांधी मैदानावरून चिखलानं माखून येत असेल, तर नको.

भिंतीला बसवायचा, ओढला की उघडणारा रॅक छोट्या कपड्यांपुरता बरा. मोजे, टॉवेल, बनियन एवढंच त्यावर मावतं. पेठेतल्या जुन्या मातीच्या भिंतीत फिशर (स्क्रूसाठी भोकात ठोकायची प्लॅस्टिकची नळी) नीट धरत नाही आणि ओल आलेल्या भिंतीला चिकटून कपडे वाळत नाहीत, हे आधी लक्षात घ्या.

खरी निवड उरते ती दोन बाजूंना पंख उघडणाऱ्या फोल्डिंग स्टँडची आणि छताला टांगायच्या पुलीच्या दांड्यांची.

छताची दांडी आपल्याला नवी नाही. माझं माहेर गगनबावड्याकडचं. आजी सोप्यात आढ्याला टांगलेल्या बांबूवर काठीनं लुगडं चढवायची आणि तेच काठीनं उतरवायची. पुलीचा संच म्हणजे तीच युक्ती, फक्त काठीऐवजी दोरी. सहा दांड्या, प्रत्येक साधारण सहा फुटी, एकेक वेगळी खाली येते. जमीन अडत नाही, साड्या-चादरी सरळ पसरतात, पाठ वाकवावी लागत नाही.

पण याची एक खोड मला बसवून घेतल्यावर कळली. आम्ही तो हॉलमध्ये लावला आणि कपडे थेट छतापर्यंत ओढले. पंखा हवा खाली ढकलतो. त्याच्या पात्यांच्या वर गेलेले कपडे कोंदट हवेत लोंबत राहिले, वर पदर पात्यात जायची भीती. शेवटी संच काढून मागच्या गॅलरीत नेला. तिथं पावसाचे शिंतोडे येत नाहीत, पण वारा वाहतो, आणि आता कपडे नीट वाळतात. तेव्हा छताचा संच घ्यायचा तर वाऱ्याची जागा असेल तरच घ्या, आणि दांड्या पूर्ण वर न नेता दोन फूट खाली ठेवा.

बसवताना स्लॅब पक्का हवा. पीओपीच्या खोट्या छताला ओल्या चादरीचं वजन पेलत नाही. ड्रिल मारणाऱ्याला पंख्याची वायर स्लॅबमधून कुठून गेली आहे ते आधी दाखवा. भाड्याच्या घरात मालकाला विचारल्याशिवाय छताला भोक पाडू नका, डिपॉझिट हातचं जाईल. आणि नायलॉनची दोरी पुलीवर घासून झिजते, दर पावसाळ्याच्या तोंडावर तिच्यावरून हात फिरवा.

फोल्डिंग स्टँड उघडल्यावर साधारण सहा फूट लांब, दोन फूट रुंद. दिवसभर हॉलमध्ये मांडला तर पाहुण्यांना बसायला जागा नाही. पण रात्री हॉल मोकळाच असतो! रात्री नऊला पंख्याखाली उघडायचा, साडी दांड्यांच्या वरखाली झोळ सोडत पसरायची, सकाळी घडी घालून दारामागं. पंख्याचा वारा थेट कपड्यांवर येतो, त्यामुळं दमट दिवसांत वाळवण्याच्या वेगात स्टँड छताच्या दांडीला मागं टाकतो. जुना ७५ वॉटचा पंखा आठ तास चालला तर ०.६ युनिट लागतं, कमी वीज खाणाऱ्या नव्या बीएलडीसी पंख्याला पाव युनिटच्या आसपास. सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या स्पिनरमध्ये कपडे दोनदा फिरवून मग घातले तर फरक आणखी जाणवतो.

स्टँड घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. ‘वहिनी, स्टील हाय, गंजायचं नाव न्हाई,’ असं सगळेच सांगतात. चुंबक घट्ट चिकटलं तर ते बहुधा रंग किंवा मुलामा दिलेलं लोखंड. रंग उडाला की गणवेशाच्या पांढऱ्या शर्टावर तांबडे डाग आलेच. चिकटलं नाही म्हणजेही जिंकलात असं नाही, कारण स्वस्तातलं २०२ ग्रेडचं आणि चांगलं ३०४ ग्रेडचं, या दोन्ही स्टीलला चुंबक धरत नाही. बिलावर ‘३०४’ लिहून मागा. दुकानदार कां-कूं करायला लागला की समजून जा. मग पंख उघडून त्यावर हातानं भार द्या. बिजागरी डुगडुगली तर ठेवून या.

एकच घ्यायचं असेल तर माझं मत स्टँडला. भाड्याचं घर, लहान फ्लॅट, घरात चार माणसं, या सगळ्यांना तो पुरतो. स्वतःचं घर, वाऱ्याची गॅलरी आणि घरात रोज दोन-तीन साड्या नेसल्या जात असतील तर आधी छताचा संच घ्या, स्टँड पुढच्या वर्षी.

तो मनोरा टाकलेला नाही. सांधे सुतळीनं बांधून जिन्यात ठेवला आहे. त्यावर आम्ही रेनकोट आणि छत्र्या निथळत ठेवतो, आणि त्या कामाला तो झकास आहे.